सात वर्षांच्या वह्या

मेंढ्याच्या छातीला लाल रंग फासणं हे दोन माणसांचं काम आहे. एकाने शिंगं धरायची आणि दुसऱ्याने तेलात कालवलेला रंग चोळायचा. मग मेंढा ज्या मेंढीवर चढेल तिच्या पाठीवर ठसा उमटतो आणि कुठली झाली, कुठली राहिली, ते लांबून कळतं. थर्झा फिअरन हे काम चार वर्षं एकटीच करत होती. मेंढ्याला दगडी गडग्याच्या कोपऱ्यात रेटायचं, गुडघा त्याच्या खांद्यात रुतवायचा, डाव्या हाताने शिंग पिरगाळून धरायचं आणि उजवा हात कोपरापर्यंत रंगात बुडवायचा. छप्पन्न वर्षांची बाई, पण मनगटं अशी की तिचा हात हातात घेतल्यावर बाजारातले व्यापारी आपली बोटं मोजून बघत.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी ती अशीच मेंढ्याला रेटून उभी असताना इस्टेटीचा कारभारी मिस्टर पेल फाटकापाशी गाडीतून उतरला. तिशीतला, बोलायला गोड, बुटांना चिखल लागू नये म्हणून दगडादगडावरून पाय टाकणारा.

"मी चुकीच्या वेळी आलो का, मिस फिअरन?"

"मला काय इचारता? ह्याला इचारा. ह्याचीच वेळ हाय," थर्झा मेंढ्याकडे मान करत म्हणाली.

पेल हसला. मग हसणं आवरून म्हणाला, "तुमच्या भावाचं ऐकून फार वाईट वाटलं."

"व्हय."

आयझॅक जाऊन सात आठवडे झाले होते. थ्रँगबेकचं शेत, घर, मेंढ्यांची वाडगी आणि वरचा डोंगर, सगळं इस्टेटीचं. फिअरन त्यांची कुळं. बापानंतर आयझॅकच्या नावावर झालं होतं, आणि कागदावर थर्झा कुठेच नव्हती. पेलने ते मऊ आवाजात समजावून सांगितलं. कुळाच्या बहिणीलाही वारसाहक्क मागता येतो, पण लवादापुढे सिद्ध करावं लागतं की गेल्या सात वर्षांतली निदान पाच ती याच शेतातल्या कामावर जगली. नाही सिद्ध झालं तर शेत इस्टेटीकडे परत.

"काय सिद्ध करू?"

"की तुम्ही इथं काम करत होता."

थर्झाने आपल्या कोपरापर्यंत लाल झालेल्या हाताकडे पाहिलं. पेलनेही पाहिलं.

"ते मला दिसतंय हो," तो म्हणाला. "पण कागदावर हवं."

त्याने एक छापील अर्ज आणला होता. एका चौकटीत 'अर्जदाराने केलेल्या कामाचे वर्णन' लिहायचं होतं. थर्झाने हात गोणपाटाला पुसले, गडग्यावर कागद ठेवला आणि त्याच्याच पेनने लिहिलं: 'मेंढ्या. सगळं. आयझॅक आजारी पडल्यापासून.'

पेलने ते वाचलं आणि त्याच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. "हे जरा पूर्ण वाक्यांत लिहून पाठवाल का? लवादातली माणसं वाचणार. हे असे तुकडे बरे दिसणार नाहीत." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि तेच जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर तिलाही चार देता आल्या असत्या.

तो गेल्यावर तिने पाहिलं, तर अर्जाच्या खालच्या कोपऱ्यावर तिच्या अंगठ्याचा लाल ठसा उठला होता.

घरात आई खिडकीशी बसली होती. ॲग्नेस फिअरन, चौऱ्याऐंशी वर्षांची. पाय गेले होते, जीभ शाबूत होती.

"काय म्हनला त्यो गुळगुळ्या?"

"माझी वाक्यं तुटकी हायती म्हनला."

"मग? तुझ्या बापानं मला मागणी घातली तवा 'येतीस का' एवढंच बोलला. मी म्हनलं, येते. पन्नास वर्सं निभली त्यावर. ह्या बाबाची वाक्यं लांब, म्हणून त्याला शेत देनार का?"

"शेत त्याचंच हाय, आई."

म्हातारीने शाल ओढून घेतली आणि डोंगराकडे बघत बसली.

त्या डोंगराला कुंपण नाही. थ्रँगबेकच्या दोनशे चाळीस मेंढ्या वर मोकळ्या चरतात, शेजारच्या कळपालगत, आणि तरी आपली हद्द सोडत नाहीत. मेंढी आपल्या कोकराला पहिल्या उन्हाळ्यात दाखवते, इथपर्यंत आपलं; ते कोकरू मोठं होऊन आपल्या कोकराला दाखवतं. शेकडो वर्षं हे असंच चाललंय. म्हणून कळप शेताबरोबर राहतो, कूळ बदललं तरी जात नाही. पण त्यालाही माणूस लागतं. धुक्यात चुकलेल्या चार मेंढ्यांना वेळेवर वळवणारं कुणी नसलं, तर दोन-तीन वर्षांत ती शिकवण मोडते. खोऱ्यातली तीन शेतं इस्टेटीने अशीच परत घेतली होती. घरांना पांढरा रंग लावून ती सुट्टीवाल्यांना देत होते, आणि तिथल्या मेंढ्या आता मोटारींच्या रस्त्यावर झोपत होत्या.

शेतकरी संघातल्या माणसाने थर्झाला टेलिफोनवर सांगितलं, "रोजच्या वह्या ठेवता का? किती कोकरं, कुठलं औषध, असलं काही?"

"ठेवते की. बाप ठेवायचा, मग मी."

"मग झालं काम! त्याच घेऊन या. नीट वाचता आल्या पाहिजेत, एवढं बघा."

त्यातलं 'नीट' तेवढं तिच्या टाचेत काट्यासारखं राहिलं.

वह्या औषधाच्या पत्र्याच्या पेटीत असत. बोटभर पेन्सिल दोरीने बांधलेली. कोकरू ओढून काढल्यावर त्याच हाताने लिहायचं, म्हणून पानं रक्ताने, आयोडीनने आणि लोकरीच्या चिकटाने फुगलेली. वही मिटतच नसे. आत ओळीच ओळी: 'अकरा. उकरून. दोन मेल्या.' 'वरच्या ओढ्यापाशी. जुळी. एक उलटं.' 'आयझॅकचा खोकला. सगळं मीच.' 'पाऊस. पाऊस.'

दर बुधवारी दुपारी गावच्या सभागृहात मोठ्या माणसांसाठी लिहिण्यावाचण्याचा वर्ग भरायचा. स्वतःची मातृभाषा इंग्रजी आणि तीच शिकायला छप्पन्नाव्या वर्षी जायचं, म्हणजे नाचक्कीच. थर्झाने पहिल्या दिवशी मुद्दाम खताची गोणी आणायच्या निमित्ताने गाडी काढली आणि ती सभागृहाच्या मागे लावली. आत रॉकेलच्या शेगडीभोवती सहाजण होते. खाणीतून निवृत्त झालेले दोघे, हॉटेलातली एक पोरगी, आणि कोपऱ्यात, खाली मान घालून, शेजारचा मेंढपाळ जोस वॅनप.

"तू रं हितं कशाला?" थर्झा पुटपुटली.

"नातीला पत्र लिवायचंय. आन् तू?"

"खत न्यायला आले व्हते."

"मग बस की. खत हितं बी मिळतं," जोस म्हणाला.

शिकवणारी मिस थर्लो दक्षिणेतून आलेली निवृत्त शिक्षिका. उंच, हाडकुळी, हातमोजे घालून खडू धरणारी. शिकवायची मात्र जीव तोडून. तिने फळ्यावर लिहिलं, 'बर्फ वितळला तेव्हा.' मग सगळ्यांकडे पाहिलं.

"हे वाक्य आहे की तुकडा?"

"वाक्य," खाणीतला एकजण म्हणाला.

"यात कर्ता आहे, क्रियापद आहे, म्हणून तसं वाटतं. पण हे लोंबकळतंय. बर्फ वितळला तेव्हा... तेव्हा काय? सांगा, मिस फिअरन."

"बर्फ वितळला की काय व्हतं ते हितं सगळ्यांना ठावं हाय, बाई," थर्झा म्हणाली. "मेलेल्या मेंढ्या वर येतात."

सगळे हसले. मिस थर्लोही हसली, पण पाय ओला होऊ न देता ओढा ओलांडावा तशी.

"तुम्हाला माहीत आहे. पण वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही, असं समजून लिहायचं. प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारा. कोणी? आणि काय केलं? दोन्हींची उत्तरं मिळाली आणि वाचणारा 'मग पुढं?' म्हणाला नाही, की वाक्य पूर्ण."

थर्झाला हे आवडलं, खरं सांगायचं तर. शंभर मेंढ्यांतून परकी मेंढी कानाच्या कापावरून काढायची, तसंच काम होतं. ओळीवर नजर टाकायची: ह्याला कर्ता नाही, बाजूला. ह्याला क्रियापद नाही, बाजूला. हे 'कारण'पासून सुरू होऊन तिथंच थांबलंय, बाजूला. तिसऱ्या आठवड्यात मिस थर्लोने दिलेल्या चाळीस ओळींपैकी तिची एकही चुकली नाही. "शाबास, मिस फिअरन," बाई म्हणाल्या, आणि थर्झाचे कान लाल झाले. शाळा सोडल्यापासून तिला कुणी शाबास म्हटलं नव्हतं. कुत्रीला ती स्वतः रोज म्हणायची.

त्या भरात तिने चूक केली. चौथ्या बुधवारी ती आपली एक वही घेऊन गेली.

"लवादाला दाखवायची हाय. जरा बघून द्या."

मिस थर्लोने हातमोजे काढले नाहीत. वही आठवडाभर ठेवून घेतली आणि परत दिली, तेव्हा प्रत्येक ओळीपुढे समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'अपू.' म्हणजे अपूर्ण. पानामागून पान. अपू., अपू., अपू. एका पानावर नुसतं 'पाऊस. पाऊस.' होतं, तिथे दोनदा.

"वाईट वाटून घेऊ नका," बाई हळुवारपणे म्हणाल्या. "पण अख्ख्या वहीत एकही वाक्य नाही. बघा, कोणी केलं हे कुठंच येत नाही. परक्या माणसाला काय कळणार?"

हॉटेलातली पोरगी मान लांब करून वहीत डोकावत होती. थर्झाने वही मिटायला घेतली, ती मिटेना. शेवटी कोटाच्या आत कोंबून ती बाहेर पडली.

जानेवारीत तिने ठरवलं. सातही वर्षं नव्याने लिहून काढायची, पूर्ण वाक्यांत. गावातून निळ्या पुठ्ठ्याच्या सात वह्या आणि शाईचं पेन आणलं. सकाळी अंधारातच गवताचे भारे पाठीवर घेऊन वरच्या वाडग्यात, तिथून ओढ्याचा बर्फ कुऱ्हाडीने फोडायचा, मग मॉसला, म्हणजे कुत्रीला, घेऊन भिंतीलगतचा बर्फाचा प्रत्येक ढीग काठीने टोचत जायचं, आत कुणी अडकलंय का ते बघायला. दुपारी दोनला परत. बोटं बादलीतल्या कोमट पाण्यात धरायची, ती वळायला लागली की टेबलाशी बसायचं.

'अकरा. उकरून. दोन मेल्या.' याचं झालं: 'मी तीन फेब्रुवारीला उत्तरेकडील भिंतीजवळ बर्फाखालून अकरा मेंढ्या उकरून काढल्या. त्यांपैकी दोन मेल्या होत्या.'

"वाच बघू," आई म्हणाली. थर्झाने वाचलं.

"हे कोन बोलतंय? पोलीस?"

"आई, असंच लिवायचं असतं."

"'त्यांपैकी'! मेंढ्या हसतील की गं तुला."

पण थर्झा लिहीत राहिली. पहिले आठ दिवस प्रत्येक 'मी'पाशी पेन अडखळायचं. दारात आपलंच नाव ओरडत उभं राहिल्यासारखं वाटायचं. मग सवय झाली, आणि त्याहून वाईट म्हणजे, गोडी लागली. मी ओढून काढलं. मी भिंत बांधली. मी आयझॅकला आंघोळ घातली आणि नंतर मेंढ्या खाली आणल्या. चार वर्षं आयझॅक याच टेबलाशी खोकत बसायचा आणि बाजारात लोकांना सांगायचा, "अवंदा माझी कोकरं बरी झाली." त्याचं काही वाईट नव्हतं; तो तसाच बोलायचा, सगळेच तसे बोलतात. आता निळ्या वहीत पानापानावर 'मी' बघून तिच्या छातीत काहीतरी सुटं होत होतं.

उन्हाळ्यात ती हॉटेलात आठवड्याला तीन सकाळी चादरी धुवायला जायची, तेही तिने प्रामाणिकपणे लिहिलं. वाक्य पूर्ण होतं, म्हणून लिहिलं.

फक्त एक ओळ जमली नाही. सप्टेंबरातली. 'आयझॅक. पहाटे. मेंढ्या दहाला खाली.' तिने लिहिलं: 'माझा भाऊ आयझॅक पहाटे मरण पावला आणि मी दहा वाजता मेंढ्या खाली आणल्या.' वाचलं, तर ती कुणीतरी दगडाच्या काळजाची बाई निघाली. त्या दिवशी वरून धुकं उतरत होतं, खालच्या ओढ्याला पूर होता, मेंढ्या आणल्या नसत्या तर गेल्या असत्या. हे सगळं त्या तीन तुकड्यांत होतं आणि पूर्ण वाक्यात नव्हतं. तिने तो दिवस नव्या वहीतून गाळला.

फेब्रुवारीच्या शेवटी सात निळ्या वह्या टेबलावर रांगेत उभ्या राहिल्या. स्वच्छ, सरळ, मिटणाऱ्या. त्यांच्याशेजारी जुन्या वह्या बघवेनात. फुगलेल्या, डागाळलेल्या, आणि एकीत पानोपानी 'अपू.'. परवा पेल घराची मोजमापं घ्यायला येणार होता. टेबलावर, पेटीत, कुठेही त्याची नजर जाईल. पुन्हा तो ओठांचा कोपरा हलेल. थर्झाने लोखंडी चुलीचं दार उघडलं.

"काय जाळतीस?" आईने खिडकीतून मान वळवली.

"जुनी रद्दी."

"त्या वह्या हायत."

"नव्या लिवल्या की. सगळं त्यांच्यात हाय."

"तुझ्या बापाच्या बी?"

"न्हाई. फकस्त माझ्या."

पानं लवकर पेटेनात. चिकट लोकर जळल्याचा वास स्वयंपाकघरभर पसरला, आणि मॉस दाराशी येऊन हुंगत, कण्हत उभी राहिली. चुलीत कुठली तरी मेंढी आहे, असं तिला वाटलं असावं.

मार्चमध्ये बाजारगावातल्या नगरसभेच्या खोलीत लवाद बसला. तीन माणसं: अध्यक्ष वकील होता, पांढऱ्या भुवयांचा, ऐकून घेणारा. थर्झाने आयझॅकच्या अंत्यविधीचा काळा कोट घातला होता. मागच्या बाकावर मिस थर्लो आवर्जून येऊन बसली होती, आणि जोस, केस पाण्याने चापून बसवलेला.

जोसला आधी बोलावलं.

"अर्जदारांना शेतावर काम करताना आपण पाहिलं आहे?" इस्टेटीच्या वकिलाने विचारलं.

"तर!"

"कधी?"

"नेहमी."

"एखादी तारीख सांगाल का?"

जोसने खाली बघितलं. "साहेब, मेंढ्या खाली आणायच्या दिवशी सगळी शेतं एकत्र असत्यात. ती बी असती. तिची कुत्री बी."

"म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेलं काम. एकटीनं केलेलं?"

"आता एकटीनं केलेलं मी कसं बघनार?" जोस म्हणाला, आणि खोलीत दोघं-तिघं हसले. जोस लाल होऊन खाली बसला.

मग वह्या पुढे गेल्या. अध्यक्षांनी एक उघडली, दुसरी उघडली, पहिलीतलं पान आणि सातवीतलं पान शेजारी धरलं.

"फार सुबक लिहिलंय, मिस फिअरन. हे रोजच्या रोज लिहिलंय?"

"न्हाई, साहेब. यंदा जानेवारीत. जुन्यावरून उतरवून काढलं."

"म्हणजे भावाच्या मृत्यूनंतर, अर्ज केल्यानंतर." अध्यक्षांनी चष्मा काढला. "ठीक आहे. मूळ वह्या बघू या."

थर्झा उभी राहिली.

"त्या न्हाईत."

"कुठे आहेत?"

"जाळल्या."

इस्टेटीच्या वकिलाने पेन खाली ठेवलं. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उमजत नव्हतं त्यांना.

"का जाळल्या?"

"घाण व्हत्या," थर्झा म्हणाली.

अध्यक्षांनी समजावून सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. त्या वह्यांवरची घाण हाच तर पुरावा होता, मिस फिअरन. त्या दिवशीचा हात, त्या दिवशीची पेन्सिल. अक्षर तुमचं की भावाचं, ते आम्हाला दिसलं असतं. या नव्या वह्या म्हणजे तुम्हाला आज काय वाटतं ते. सात वर्षांपूर्वी काय झालं, ते नव्हे. मग वकिलाने हॉटेलची हजेरीपत्रकं पुढे केली. शिक्का, तारीख, सही, सगळं जागच्या जागी. चार उन्हाळे, आठवड्याला तीन सकाळी, टी. फिअरन, धुलाई. म्हणजे अर्जदारांचं पोट निव्वळ शेतावर नव्हतं, आणि त्यांनी स्वतःच्या वहीतही हे मान्य केलंय, तो म्हणाला. डोंगरावरच्या तिच्या दिवसांचा मात्र कुठेच कागद नव्हता, कारण डोंगर हजेरी मांडत नाही.

बाहेर पायऱ्यांवर मिस थर्लोने तिला गाठलं. बाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

"मिस फिअरन, मी तुम्हाला जाळायला कधी सांगितलं हो?"

"न्हाई सांगितलं."

"मी तर फक्त..."

थर्झा थांबली. बाईंचं वाक्य पुरं होईल म्हणून वाट बघितली. ते झालं नाही.

"तुम्ही फकस्त पेन्सिलीनं खुणा केल्या," ती म्हणाली आणि जोसच्या गाडीकडे गेली. फाटकापाशी जोस एवढंच म्हणाला, "मी तारीख सांगायला पायजे व्हती. कुठली बी." त्याचे डोळे भरले होते. थर्झाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उतरली.

निकाल एप्रिलात आला, कोकरांच्या ऐन धामधुमीत. दोन पानांचं पत्र, सगळी वाक्यं पूर्ण. तिने ते वाडग्यात उभ्या उभ्या वाचलं, खिशात घातलं आणि अडलेल्या मेंढीच्या आत हात घातला. कोकरू जिवंत निघालं. कुठेही लिहिलं नाही.

सप्टेंबरअखेर घर रिकामं करायचं होतं. गावाच्या टोकाला नगरसभेची दोन खोल्यांची जागा मिळाली. आईची खिडकी तिथे दुसऱ्याच्या भिंतीकडे उघडत होती. कळप इस्टेटीकडे सोपवायच्या दिवशी चार शेतांची माणसं आली, कुत्री आली, आणि थर्झाने शेवटच्या वेळी सगळा कळप डोंगरावरून खाली आणला. दोनशे एकेचाळीस भरल्या. कागदावरच्यापेक्षा एक जास्त. पेल वाडग्यात उभा होता. आता त्याने गुडघ्यापर्यंतचे बूट घेतले होते.

"एक शेवटची विनंती आहे," तो म्हणाला. "मेंढ्यांचं काम आम्ही एका कंपनीला देतोय. दक्षिणेकडची माणसं आहेत, त्यांना हा डोंगर नवीन आहे. धुकं आलं, बर्फ आला, तर कळप कुठं जातो, कुठून वळवायचा, हे तुम्ही पानभर लिहून द्याल का? तुमच्यासारखं कोण लिहील? त्या निळ्या वह्या आम्हाला ऑफिसात सगळ्यांना आवडल्या होत्या."

जोस भिंतीपलीकडे थुंकला.

थर्झाने पेलच्या हातातून पेन घेतलं. गेल्या वर्षी अर्ज भरला त्याच गडग्याच्या दगडावर कागद ठेवला आणि एक ओळ लिहिली. त्याला दिली.

पेलने वाचलं. 'खालच्या भिंतीपर्यंत धुकं उतरलं की.' त्याने कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"मिस फिअरन, हे पूर्ण झालेलं नाही. धुकं उतरलं की काय?"

"ते हितल्या सगळ्यांना ठावं हाय," थर्झा म्हणाली.

तिने मॉसला शीळ घातली. मॉस उठली, आणि सवयीने वरच्या फाटकाकडे, डोंगराकडे धावली. थर्झाला तिला परत बोलवावं लागलं, एकदा, मग दुसऱ्यांदा, मग नाव घेऊन ओरडून.